जेवणाआधीची कासवे

मी वडिलांना कासव म्हणून दगडाचा फोटो दाखवला.

दगड स्पष्ट आला होता, एवढे माझ्या बाजूने सांगता येईल. पाठ छान गोल, तिच्यावर ओलाव्याची चकाकी, कडेला पाणी. धारेहून देवासपर्यंत फोटोची ती काच मी रजईत गुंडाळून मांडीवर, तान्हे मूल आणावे तशी आणली होती. टपालाचा टांगा खड्ड्यातून गेला की माझे डोके वरच्या दांडीवर आपटे, पण काच आपटू दिली नाही. घरी कोठीच्या खोलीत कंदिलाला लाल कापड बांधून ती धुतली, गच्चीवरच्या उन्हात कागदावर छबी उतरवली आणि ती वडिलांच्या अंथरुणाशी नेली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. आधी डोळ्यांना लावली, मग चष्मा चढवून पाहिली. पलीकडे माझी बायको मऊ भाताचे ताट घेऊन उभी होती. आम्ही दोघे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"ही धोब्याची शिळा आहे," वडील म्हणाले. "हिच्यावर माझी धोतरं आपटली जातात."

ताट तसेच आत गेले.

ते ताट आत जाणे हा थट्टेचा विषय नव्हता, हे आता सांगायला हवे.

धारेत तलावांना तोटा नाही. आमचे घर त्यांतल्याच एका तलावाच्या उतारावर होते. मागचे दार उघडले की पायऱ्या थेट पाण्यात. पोळ्या झाल्या की परातीला चिकटलेली कणीक आई खरवडून काढी, तिच्या बोराएवढ्या गोळ्या वळी आणि पितळी वाटीत घेऊन शेवटच्या पायरीवर जाऊन बसे. वाटी दगडावर दोनदा वाजवी. पाण्यातून एकेक डोके वर येई. जंगली कासवे ती, कोणी पाळलेली नव्हेत. माणूस उभा राहिलेला दिसला तरी बुडणारी. पण आईच्या पायाशी येत. त्यांत एकाच्या पाठीचा काठ तुटलेला होता, भाकरीचा तुकडा मोडावा तसा. ते शेवटी येई, आणि त्याच्यासाठी आई एक गोळी मुठीत राखून ठेवी. वडील तेव्हा दरबारच्या दफ्तरात होते. त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे बायकी खूळ वाटे. "मुंग्यांनाही पंगत मांड एकदा," असे ते जाता जाता म्हणत.

मग एका उन्हाळ्यात आई गेली. शेवटी शेवटी तिला माणसे ओळखू येत नव्हती, पण उशाशी कोणी आले की एकच विचारी: "कासवांना घातलं का?" आम्ही सगळे "घातलं" म्हणत होतो. घातले कोणीच नव्हते. त्या गडबडीत कोणाला सुचणार?

तेराव्याचे जेवण झाले, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी वडील आपण होऊन वाटी घेऊन मागच्या दाराने खाली गेले. तेव्हापासून त्यांचा नेम झाला. कासवांना घालायचे, ती डोळ्यांनी पाहायची, आणि मग स्वतःच्या तोंडात अन्न. कारण त्यांनी सांगितले नाही. आमच्या घरात कोणी कोणाला कारण सांगत नसे, नुसता नेम सांगत.

हे कित्येक वर्षे चालले. मग एका कार्तिकात शेवाळलेल्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. हाडवैद्याने बांधले, पण ते जुळले नाही. धारेत त्यांचे करायला कोणी उरले नव्हते, आणि माझी नोकरी देवासला, तिथल्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या दफ्तरात. मी बैलगाडीत गवत घातले, त्यावर गाद्या घातल्या, आणि त्यांना देवासला घेऊन आलो. मोठे पुत्रकर्तव्य केले असे वाटून मी वाटेत बैलांनासुद्धा गूळ चारला.

देवासला पहिल्याच दिवशी बायकोने ताट वाढले तर वडील म्हणाले, "दूध दे. अन्न नको."

"बाबा, असं काय?"

"कासवं बघून जेवायचा नेम आहे. इथे कासवं नाहीत. यात न कळण्यासारखं काय आहे?"

चार दिवसांत हट्ट उतरेल असे मी बायकोला सांगितले. चार दिवस झाले, पंधरवडा झाला. दूध, एखादे केळे, कधी राजगिऱ्याची लाही. वैद्य आले, नाडी पाहिली आणि मला दाराबाहेर घेऊन म्हणाले, "दुधावर धडधाकट माणूस राहील. मोडलेलं हाड घेऊन पडलेला म्हातारा नाही राहायचा. पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर ही थंडी काढणं कठीण आहे." वडिलांच्या दंडावर आईने बांधलेला चांदीचा ताईत होता. तो आता मनगटापर्यंत खाली घसरत असे, आणि ते तो पुन्हा वर चढवत.

त्यांना परत धारेला न्यावे, तर गाडीचे हिसके सोसण्याजोगी ती कुडी राहिली नव्हती. म्हणजे त्यांना त्यांच्या कासवांपासून तोडून मीच आणले होते, आणि आता परत नेण्याचा रस्ताही बंद.

वाट काढली ती आमच्या उपाध्यायांनी. धारेत आमच्या तलावासमोर एका माळवी हलवायाचे दुकान होते. तो वडिलांचा जुना मित्र, आणि त्यांच्या वतीने तो कासवांना रोज घालीतच होता. म्हणजे अर्धा नेम चालू होता. राहिले ते पाहणे. उपाध्याय म्हणाले, "अडल्या वेळी प्रतिमेचं दर्शन चालतं. आपण सुपारी मांडून गणपती नाही का करत? देवळात सभामंडपात कासव असतं, तसं एखादं पितळेचं करून घ्या."

"देवळातल्या कासवाला मी नमस्कार करीन," वडील म्हणाले. "जेवण त्याच्या भरवशावर नाही. तिने घातलेली कासवं पाहिजेत."

माझ्या दफ्तरातल्या एकाने सुचवले की नेमावर गावी नर्मदेत मोठमोठी कासवे आहेत, नर्मदामाईची, त्यांच्या दर्शनाचे पुण्यही जास्त. वडिलांनी ऐकून घेतले.

"ती माझ्या ओळखीची नाहीत," ते म्हणाले.

तेव्हा मला माझ्या मेहुण्याचा कॅमेरा आठवला. मेहुणा मुंबईला शिकायला गेला होता. तिथून तो एक लाकडी पेटी, तिची तिपाई, काळे कापड आणि काचांची खोकी घेऊन आला, सहा महिन्यांत कंटाळला आणि सगळे आमच्या माळ्यावर टाकून गेला. मी त्याच्याबरोबर असताना दोनदा ते काळे कापड धरले होते. तेवढ्या अनुभवावर मी वडिलांना सांगितले, "छबी आणतो. तुमच्याच कासवांची, जशीच्या तशी."

"आण," ते म्हणाले. "कासवं दिसली तर जेवीन."

तर त्यातून हा दगड आला.

तो कसा आला तेही सांगतो. कासवे त्या शिळेवर ऊन खात बसलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मी तिपाई रोवली, पेटी चढवली, काळे कापड झटकले आणि आत शिरलो. आतल्या दुधी काचेवर सगळे जग उलटे दिसते, पाणी वर आणि आभाळ खाली. त्या उलट्या जगात मला एक गोल पाठ दिसली आणि मला आनंदाचे भरते आले. बाहेरून हलवाई ओरडत होता, "अरे भिया, यो तो भाटो हे, कछुओ नी!" भाटो म्हणजे दगड हे माळव्यात जन्मलेल्या मला कळत नव्हते असे नाही. मी कापडातून एक हात बाहेर काढून त्याला गप्प बसवले. यंत्र माझ्याजवळ होते, त्याच्याजवळ नव्हते.

दगड पाहून झाल्यावर वडिलांनी निकाल दिला: "शिळा ओळखू आली, म्हणजे यंत्र बरं आहे. आता ते कासवांवर धर."

दुसऱ्या खेपेला मी हुशारी केली. कासवे माणसाला बुजतात, म्हणून हलवायाच्या माडीवर तिपाई मांडली आणि संध्याकाळी, सूर्य तलावापलीकडे उतरताना, वरून फोटो घेतला. पाण्यावर सोने पसरले होते. शिळेवर कासवे होती. मी ती मोजूनच कॅमेऱ्याची झडप उघडली. घरी आणला.

वडिलांनी भिंग मागितले. भिंग घेऊन नाक कागदाला लावले.

"ही फोडणीची मोहरी कोणी सांडली?"

"बाबा, ती कासवं आहेत. लांबून घेतलंय."

"लांबून आणि वरून. हे कावळ्याला दिसतं तसं आहे. मी पायरीवर बसत होतो रे, झाडावर नाही." मग बोटाने कागदावरचा पांढरा भाग दाखवला. "आणि ऊन समोर घेतलंस. पाणी सगळं पांढरं, कासवं सगळी काळी. डोळे दिसत नाहीत, काठ दिसत नाही. सकाळचा जा. आपल्या पायऱ्यांवर सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यांच्या तोंडावर पडतं. आणि खाली बस. माझ्या डोळ्यांना जिथून दिसायची तिथून दिसली पाहिजेत."

मी बाहेर आलो तेव्हा चेहरा पडलेला असावा. बायको म्हणाली, "अहो, वाईट कशाला वाटून घेता? तुम्हाला बोलले त्या दिवशी ते वाटीभर दूध जास्त पितात."

"मग मीच रोज चुकत जाऊ का?"

"त्याला वेगळे कष्ट कशाला," ती म्हणाली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. कारण त्याच सकाळी त्यांना कूस बदलून देताना ते किती हलके झालेत ते तिच्या हातांना कळले होते.

तिसरी खेप. सकाळची वेळ, ऊन पाठीवर, मी खालच्या पायरीवर. सगळे वडिलांनी सांगितले तसे, फक्त कासवे नव्हती. मी खाली उतरलो की ती पाण्यात. मी वर गेलो की ती शिळेवर. असा खेळ दोन दिवस झाला. रजा संपत आली. मग मी ते केले ज्याची आठवण झाली की अजून जेवताना घास थांबतो. जाळे टाकणाऱ्या एकाकडून मी तलावातले एक कासव धरवून घेतले, त्याच्या मागच्या पायाला सुतळी बांधली, सुतळी खुंटीला बांधली, खुंटीवर गवत टाकले, आणि सावकाश, तब्येतीने फोटो घेतला. मग सोडून दिले.

तो फोटो उत्तम आला. पाठीवरची एकेक खपली, खपल्यांमधली एकेक रेघ, ओल्या दगडाचा कण न् कण. धीर नव्हता म्हणून या खेपेला काच धारेतच धुतली होती, आणि देवासला येताना टांग्यात सहप्रवाशांना ती उजेडात धरून दाखवली. काचेवर काळ्याचे पांढरे असते, त्यामुळे त्यांना काही समजले नाही, पण त्यांनी मान डोलावली.

वडिलांनी तो फोटो हातात घेतला आणि त्यावर भिंग फिरवले. मी वाट पाहत उभा. बायको ताट घेऊन उभी.

"पाय कुठे आहेत?" त्यांनी विचारले.

"आत घेतले असतील."

"मान?"

"तीही."

"ऊन खायला बसलेलं कासव मान काढून बसतं. पाय पसरतं. हे ऊन खात नाहीये. हे भ्यालंय." त्यांनी चष्मा काढला. "काय केलंस त्याला?"

मी ताटाकडे पाहिले.

"बांधलंस?"

"सुतळी होती. लगेच सोडलं, बाबा. काही लागलं नाही त्याला."

त्यांनी फोटो उलटा करून माझ्या बाजूला सरकवला. रागावले असते तर बरे झाले असते. ते हळू म्हणाले, "ती ज्यांना हाताने घालत होती, त्यांतल्या एकाला दावं लावून तू मला दर्शनाला आणलंस." आणि भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांना कूस बदलता येत नव्हती, नुसती मान तेवढी फिरली.

त्या दिवशी त्यांनी दूधही घेतले नाही. घरातला वडील माणूस उपाशी, म्हणून आम्हीही जेवलो नाही. चूल लवकर विझली. बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. एकदाच बोलली: "आता तो फोटो तरी फोडून टाका." कागद फाडतात, काच फोडतात. मी दोन्ही केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांनी मला हाक मारली. आवाज खोल गेला होता, ओठ कोरडे. मी पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी घोट घेतला.

"बस," ते म्हणाले. "तुझी चूक यंत्राची नाही. मी पहिल्यांदा वाटी घेऊन गेलो तेव्हा माझ्याकडे तरी कुठे कोणी आलं? आठवडाभर गोळ्या पाण्यात विरघळत होत्या. वाटी वाजवायचो आणि टक लावून बसायचो, आता येतील, आता येतील. मग आठवलं, ती काय करायची. ती वाटी वाजवायची आणि विसरून जायची."

"काय विसरायची?"

"की कासवं यायची आहेत. तिथे बसून ती दुसरंच काही बघायची, गुणगुणायची, पदराला गाठ मारायची, सोडायची. तू घ्यायला जातोस. ते त्यांना पायऱ्यांवरूनच कळतं."

मग त्यांनी उशीखाली हात घातला आणि पितळी वाटी काढून माझ्या हातात दिली. ती धारेहून आमच्याबरोबर आली होती हे मला ठाऊक नव्हते. गाडीत सगळे सामान मीच भरले होते.

"पहिले काही दिवस यंत्र काढू नकोस," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "लवकर जा."

मी वरिष्ठांपुढे लांब रजेचा अर्ज ठेवला. कारण काय लिहावे ते सुचेना. 'वडिलांच्या प्रकृतीस्तव' लिहिले आणि वडिलांना सोडून धारेला गेलो.

धारेत माझ्या हातची कणीक गोळी होण्याइतकी कधी घट्ट झालीच नाही. ती बोटांना चिकटे, वाटीला चिकटे, सदऱ्याला चिकटे. हलवाई रोज सकाळी येऊन माझी परात बघे, कपाळाला हात लावी आणि स्वतः मळून देई. मी पायरीवर जाऊन बसे. वाटी वाजवी. विसरण्याचा प्रयत्न करी. पण विसरायचे आहे हेच डोक्यात घोळत राही. पहिल्या दिवशी गोळ्या विरघळल्या. दुसऱ्या दिवशीही. मग मी तिपाईचे पाय पसरून पेटी शेवटच्या पायरीवर, अगदी पाण्याला टेकवून ठेवली, वर काळे कापड टाकले आणि तिच्याकडे पाठ करून बसू लागलो, म्हणजे कासवांना तिची सवय होईल. धुणे धुणाऱ्या बाया मला पाहून आवाज खाली आणत. मागाहून कळले की म्हाताऱ्याचे देवासला बरेवाईट झाले आणि मुलगा पायरीवर त्याचे काही करायला बसतो, असा त्यांचा समज झाला होता. हे कळल्यावर मी त्या दिवशी पायरीवर बसूच शकलो नाही. घरात येऊन दार लावून घेतले.

एका सकाळी धुके उठून ऊन नुकते खाली पोचले होते. वाटी वाजवून गोळ्या पायरीवर ठेवल्या होत्या; पेटीत काच चढवलेली, आणि दाबला की झडप उघडते तो रबरी फुगा माझ्या मुठीत. काच नीट बसली का ते कापडाखाली एकदा पाहून घ्यावे म्हणून मी गुडघ्यावर पुढे सरकलो आणि शेवाळावरून दोन्ही पाय सुटले. मी कमरेपर्यंत पाण्यात. एक मूठ पायरीवर, तिच्यात उरलेली एक गोळी, डोके काळ्या कापडात, दुसऱ्या मुठीत फुगा. ओरडावेसे वाटले, पण थंडीने आवाजच फुटला नाही. मग लक्षात आले की ही तीच पायरी. वडील पडले ती. ते पडले तेव्हा त्यांच्या हातात वाटी असेल. किती वेळ असे पडून राहिले असतील आणि कोणाला हाक मारली असेल, ते मी कधी विचारलेच नव्हते.

मी हललो नाही. वर चढायला गेलो असतो तर दिवस फुकट गेला असता. पाणी हळूहळू शांत झाले. दात वाजत होते, ते थांबवण्यात मी इतका गुंतलो की कासवांचे खरोखरच विसरलो.

कापड थोडे बाजूला झाले होते. त्या फटीतून मला एक डोके दिसले, मग दुसरे. शिळेच्या कडेला नखे लागली, पाठ वर आली, पाणी ओघळले. एकामागून एक ती चढली, एकमेकांच्या पाठीवर पाय देत, अगदी सावकाश; आणि उन्हाकडे मान करून बसली. पाय मागे पसरले, बोटे उघडली. काही थेट माझ्याजवळ आली आणि पायरीवरच्या गोळ्या खाऊ लागली. मी फुगा न दाबता थांबलो. का ते सांगता येत नाही. आणि सगळ्यांच्या मागून तुटक्या काठाचे ते आले. म्हातारे झाले होते. त्याने मान लांब केली आणि वाटीकडे पाहिले.

मी फुगा दाबला. टक् असा आवाज झाला. कोणी बुडाले नाही.

दुसरी काच चढवायला हवी होती, खोक्यात होत्या. मी चढवली नाही. दुसरी मूठ उघडली, तिच्यातली गोळी पायरीवर ठेवली आणि पाहत राहिलो. लहानपणी आई रोज म्हणे, "चल, बघ तरी." मला कधी शाळा असे, कधी पतंग. दारातून दिसे तेवढेच, खाली एकदाही गेलो नव्हतो. मागच्या दारापासून पाण्यापर्यंत उतरून ही कासवे मी पहिल्यांदा नीट पाहिली ती या वयात, पाण्यात बसून.

वरून हलवायाचा आवाज आला. त्याने तो अगदी हळू काढला होता. "भिया, अब तो थें भी भाटा हुई गया!"

देवासला काच धुतली तेव्हा लाल उजेडात बायको माझ्या शेजारी उभी होती. गच्चीवर कागदावर छबी उतरली तशी ती वाकून पाहू लागली. कासवे होती. माना, डोळे, पसरलेली बोटे, तुटका काठ, सगळे होते.

"हे काय हो, कोपऱ्यात? म्हैस पाण्यात उतरली आहे का?"

खालच्या कोपऱ्यातून एक मोठी काळी सावली थेट शिळेपर्यंत गेली होती. वर वाटोळे, एका बाजूने कोपर बाहेर. ऊन पाठीमागून घ्यायचे आणि खाली बसायचे, वडिलांनी सांगितलेले दोन्ही मी पाळले होते; मग सकाळच्या त्या उन्हात माझी आणि काळ्या कापडाची सावली जाणार कुठे? कापून टाकावी म्हटले, तर तुटक्या काठाचे कासव तिच्या अगदी कडेला बसलेले. सावली कापली की तेही जाणार.

"राहू द्या," बायको म्हणाली. "वेळ घालवू नका."

हा फोटो अजून आमच्या देवघरात आहे. वडिलांनी पुढे जितके दिवस काढले तितके दिवस तो त्यांच्या ताटाशेजारी मांडला जाई आणि उचलला जाई. कडेला वरणाचे पिवळे डाग आहेत ते तेव्हाचे. ती थंडी त्यांनी काढली. त्यानंतरचा उन्हाळाही काढला. आता घरात आलेल्या सुना पूजा करताना विचारतात की कासवे कळली, पण हा काळा गोळा कोणता देव? मी उत्तर देत नाही. उत्तर वडिलांनी त्याच दिवशी देऊन ठेवले आहे.

त्या दिवशी त्यांनी छबी डोळ्यांना लावली नाही. आधी पाहिली. एकेका कासवावर बोट टेकवत गेले आणि तुटक्या काठापाशी थांबले.

"ही तिचीच," ते म्हणाले. मग माझ्याकडे न पाहता विचारले, "तू घातलंस? स्वतः?"

"घातलं."

"वाढ ग," त्यांनी सुनेला सांगितले.

तिने मऊ भात, वरण, वर तूप वाढले. त्यांना तक्क्याला टेकवून बसवले. वडिलांनी ताटाभोवती पाणी फिरवले, चित्राहुती घातल्या, आणि भाताची एक बोराएवढी गोळी वळून फोटोच्या पुढ्यात ठेवली. मग छबी डोळ्यांना लावली आणि पहिला घास घेतला. तो त्यांना गिळता येईना. इतक्या दिवसांनी घसा विसरला होता. बायकोने पाणी दिले. दुसरा घास गेला. तिसरा गेला. ती पदर तोंडाशी धरून आत निघून गेली. मी तिथेच उभा होतो. मला वाटले, आता ते माझ्या पाठीवरून हात फिरवतील, किंवा निदान बरा आलाय म्हणतील.

ते चावत चावत फोटोकडे पाहत होते. हात थांबला. कोपऱ्यातल्या काळ्या सावलीवर त्यांनी वरणाचे बोट टेकवले.

"कासवं बरी आलीत," वडील म्हणाले. "पण तू मध्ये कशाला तडमडलास? आता मरेपर्यंत जेवायच्या आधी रोज तुझंही दर्शन घ्यायचं का मी?"